जायफळाचा अर्धा वेढा

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घरचं औषध’ हा विषय सुचवला. कोणती मुळी कशावर चालते हे सांगणारी पुस्तकं मराठीत भरपूर आहेत, त्यात आणखी एका लेखाची भर घालण्यात मला रस नव्हता. मला पाहायचं होतं ते याच्या अलीकडचं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी साली, मुळ्या, बिया उगाळून आणि उकळून पोटात घेतल्या. त्यातल्या कित्येक उघड विषारी आहेत. त्या बाधू नयेत म्हणून लोक काय काळजी घेत होते, आणि ती काळजी आज कोण घेतं? हे दोन प्रश्न घेऊन मी कर्जतच्या डोंगराखालच्या एका कातकरवाडीपासून सुरुवात केली.

पान उलटून बघा

वाडीत औषध देणारे जे म्हातारबाबा आहेत, त्यांच्या हातात कोयता आणि खांद्यावर रिकामी पिशवी होती. पाऊस ओसरला होता आणि रान अजून दाट होतं. एका कडुलिंबावर चढलेल्या वेलीशी ते थांबले. झाडावरून तिची दोऱ्यासारखी मुळं लोंबत होती. बाबांनी अंगठ्याच्या नखानं खोड खरवडलं. कागदासारखी पातळ साल सुटली आणि आतून हिरवा रंग दिसला. मग त्यांनी बोटभर तुकडा आडवा कापून माझ्यापुढे धरला. कापावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा होत्या. ही गुळवेल.

थोडं पुढे गेल्यावर तशीच आणखी एक वेल दिसली. पान तसंच बदामाच्या आकाराचं, खोडही साधारण तसंच. मी हात पुढे केला.

“ती नको ताई. पान उलटून बघा.”

पानाच्या पाठीला मऊ लव होती. ही गुळवेलीचीच जातभाई, पण बाबा ती औषधाला तोडत नाहीत. का, असं विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले. त्यांच्या बापानं घेतली नाही, म्हणून तेही घेत नाहीत.

चरकसंहितेत एक उल्लेख आहे. रानात वावरणारे गुराखी, धनगर यांना वनस्पतींची नावं आणि रूपं ठाऊक असतात, पण तेवढ्यानं भागत नाही. कोणाला, केव्हा आणि किती द्यायचं हे ज्याला कळतं तो वैद्य, असं तिथे म्हटलं आहे. बाबांकडे पहिली गोष्ट नक्की होती. दुसरीबद्दल मी आडून आडून विचारत राहिले, तेव्हा ते काय देतात यापेक्षा काय देत नाहीत हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. गरोदर बाईला ते कुठलीही मुळी देत नाहीत. अंगावर पिणाऱ्या पोराला काही पाजत नाहीत. काविळीचा माणूस बरळायला लागला, झोपेतून उठेना, की घरच्यांना सरळ तालुक्याच्या दवाखान्याची वाट दाखवतात. “मग आपल्या हातातलं नाय रहात,” एवढंच त्याचं स्पष्टीकरण. काविळीत बरळणं म्हणजे यकृत निकामी होऊन त्याचा परिणाम मेंदूवर होऊ लागल्याची खूण, हे पुस्तकात वाचावं लागतं. बाबांनी ते माणसं पाहून ओळखलं आहे.

हाच भाग शहरात पोचत नाही. रानातून बाहेर पडते ती फक्त वेल. करोनाच्या काळात गुळवेलीला एकाएकी मागणी आली. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांच्या गटानं मोठ्या कंपन्यांना गुळवेल पुरवून चांगलं उत्पन्न मिळवलं, आणि ते मोलाचंच आहे. रानातल्या माणसाला दाम मिळायलाच हवा. पण गट बांधून, नीट शिकून काम करणारे थोडे. जिथे किलोवर पैसे मिळतात आणि टेम्पो संध्याकाळी निघायचा असतो, तिथे दर पान उलटून कोण पाहणार? वेल वाळून तिचे तुकडे झाले की पान राहत नाही. भुकटी झाली की कापावरचं चाकही राहत नाही.

सहाणेवरचं माप

बाळगुटीबद्दल मी ज्या ज्या घरात विचारलं, तिथे आधी यादी ऐकायला मिळाली. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, जायफळ, मायफळ, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. घराप्रमाणे दोन-तीन नावं बदलतात. मात्र साताऱ्याकडच्या एका वयस्कर सुईणबाईंनी यादी सांगितलीच नाही. त्यांनी सहाण पुढे ओढली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि हळकुंड धरून एक गोल फिरवला.

“हा एक वेढा. बाळ महिन्याचं, तर एक. पुढं बाळ वाढंल तसा वेढा वाढवायचा. पर जायफळ अर्धाच वेढा, आन् ते बी रोज न्हाई.”

जायफळ रोज का नाही? “पोर गुंगतं. मग दूध पीत न्हाई.”

जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि मोठ्या मात्रेत ते मेंदूवर परिणाम करतं. वेखंडात बीटा-असॅरोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे गाठी झाल्याचं आढळलं, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. भारतात वाढणाऱ्या वेखंडात हे द्रव्य विशेष जास्त असतं. सुईणबाईंना यातलं काहीच माहीत नाही, पण त्यांचं माप पाहा. दगडावर एक वेढा फिरवल्यावर उतरतो तो जेमतेम डाग. अख्खं वेखंड पोराच्या पोटात कधी जातच नाही. शिवाय प्रत्येक काडी त्यांच्या हातात अख्खी असते, म्हणजे किडलेली, बुरशी आलेली, वेगळ्या वासाची लगेच कळते.

आता तीच बाळगुटी तयार भुकटीच्या रूपात मिळते आणि ती मधात कालवून द्यायचा सल्ला फोनवर फिरतो. यात दोन चुका एकदम होतात. एक म्हणजे वेढ्याच्या जागी चमचा आला. भुकटीच्या पाव चमच्यात सहाणेवरच्या कित्येक वेढ्यांइतका ऐवज असतो, आणि त्यात जायफळ किती, वेखंड किती हे पाजणाऱ्या आईला ठाऊक नसतं. दुसरी चूक मधाची. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकतात आणि बाळ लुळं पडतं. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नये.

माझं मत इथे स्पष्ट सांगते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मला पूर्ण पटतो. पाण्यातून, सहाणेवरून, बोटांवरून येणारी जुलाबाची लागण हा वेखंडापेक्षाही मोठा धोका आहे. सुईणबाईंचं माप मी मानते, पण त्या मापाची गरज ज्या काळात होती, तो काळ गेला.

आणि त्या काळाचं सगळंच गोड नव्हतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना ‘बाळागोळी’ देऊन घरी ठेवत. तिच्यात अफू असे. पोर दिवसभर झोपून राही, आईला पाळी करता येई. त्या बायांना दोष देता येत नाही. गिरणीत पाळणाघर नव्हतं आणि रोज बुडवून चालत नव्हतं. पण घरचं म्हणून जे जे दिलं जातं ते निर्धोकच असतं, असं म्हणणाऱ्यानं बाळागोळीचाही हिशेब द्यायला हवा.

एका नावाच्या दोन मुळ्या

पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. लाकडी खणांची भिंत, गोणपाटावर पसरलेला हिरडा, हवेत वेखंडाचा उग्र वास. त्यातल्या एका दुकानात मी दुपारभर बसून राहिले. गिऱ्हाइकं हातात चिठ्ठी किंवा फोनवरचा फोटो घेऊन येत होती.

मालकांनी मला सांगितलेली पहिली गोष्ट: ‘ब्राह्मी द्या’ असं कोणी म्हणालं की ते विचारतात, कोणती? महाराष्ट्रात पुष्कळ लोक ब्राह्मी म्हणतात ती गोल पानांची, बेडकाच्या पायासारखी जमिनीवर पसरणारी मंडूकपर्णी. आयुर्वेदाच्या बऱ्याच वैद्यांच्या चिठ्ठीतली ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी, पाणथळ जागी उगवणारी बारीक, जाड पानांची. दोन्ही औषधी आहेत, पण एक नव्हेत. शंखपुष्पीचं आणि रास्नेचंही तसंच; प्रांताप्रांताला वनस्पती बदलते.

हा घोळ बचनागाच्या बाबतीत जिवावर बेततो. हिमालयातून येणारा बचनाग म्हणजे वत्सनाभ. त्यातलं ॲकोनिटीन हृदयाचे ठोके बिघडवतं आणि थोड्या वेळात माणूस दगावू शकतो. आयुर्वेदात तो शुद्ध केल्याशिवाय वापरतच नाहीत. गोमूत्रात भिजवायचा, दुधात उकळायचा. उकळताना ॲकोनिटीन फुटून त्याची कमी विषारी द्रव्यं होतात, हे आधुनिक रसायनशास्त्रानंही तपासलं आहे. इकडे सह्याद्रीत पावसाळ्यात लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणाऱ्या कळलावीलाही काही भागांत बचनाग म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसीन असतं. गाउटवर डॉक्टर तेच द्रव्य मिलिग्रॅमच्या अंशात मोजून देतात. कंद खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव बंद पडत जातो, आणि त्यावर उतारा नाही. विष वेगळं, शुद्धीची रीत वेगळी, नाव मात्र एक. बाळगुटीतल्या अतिविषाची गोष्ट याच्या उलट: ते वत्सनाभाच्याच कुळातलं, पण त्या मानानं सौम्य. वाळल्यावर दोन्हींचे कंद हातात घेऊन फरक सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

मालकांनी विचारलेला प्रश्न मी लिहून घेतला. बचनाग मागणाऱ्याला ते विचारतात, “कोणासाठी, आणि सांगितलं कोणी?” उत्तर पटलं नाही तर माल संपल्याचं सांगतात. औषधं आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा. त्याच्या नियमांतल्या ई-१ या अनुसूचीत आयुर्वेदातली विषारी द्रव्यं दिली आहेत: वत्सनाभ, भल्लातक म्हणजे बिब्बा, धोतरा, कण्हेर, गुंज, जयपाळ, लांगली म्हणजे कळलावी. ज्या तयार औषधात यातलं काही असेल, त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. सुट्या मुळीवर वेष्टन नसतं. तिथे ते काम दुकानदाराचा प्रश्न करतो.

मुळी बदलली तर काय होतं याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण बेल्जियममधलं आहे. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनौषधींच्या गोळ्या दिल्या जात. त्यातली एक मुळी नावाच्या साधर्म्यामुळे बदलली गेली आणि ॲरिस्टोलोकिया कुळातली मुळी आली. सुमारे शंभर बायकांची मूत्रपिंडं कायमची बिघडली आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडे याच कुळातली सापसंद सर्पदंशावर आणि पोटदुखीवर देतात. कुठल्याही कारणासाठी ती पोटात घेऊ नये.

बिब्बा उतू नये म्हणून

या सगळ्या फिरण्यात ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त माहिती मिळाली, आणि ज्याला सर्वांत कमी किंमत दिली जाते, तो बिब्बा. आंबा, काजूच्या कुळातलं हे झाड. फळाच्या काळ्या कवचात डिंकासारखं तेल असतं. कपड्यावर त्याची खूण धुतली तरी जात नाही, म्हणून धोबी त्यानं निशाणी करत. अंगाला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. त्याला बिब्बा उतणं म्हणतात. काहींना तर झाडाखालून गेल्यावरही अंग सुजतं.

पश्चिम विदर्भात बाया बिब्बे फोडून आतली गोडंबी काढतात. बाळंतिणीच्या लाडवात आणि मिठाईत पडणारी पांढरी गोडंबी ती हीच. फोडण्याआधी हाताला तेल चोपडायचं, राख किंवा माती लावायची, फोडताना तोंड बाजूला ठेवायचं. एवढं करूनही त्यांची बोटं काळी आणि भेगाळलेली असतात. आपण दिवाळीत गोडंबी खातो, तेव्हा त्या बोटांची मजुरी किती कमी असते हे विचारायला हवं, आणि हातमोजे, फोडायचं यंत्र त्यांच्यापर्यंत पोचवायला हवं.

औषध म्हणून बिब्बा देण्याची पद्धत पाहिली तर ती सबंध पद्धत खबरदारीचीच आहे. देठाकडचा भाग कापून टाकायचा. विटेच्या चुऱ्यात घोळत राहायचं, म्हणजे तेल विटेत शोषलं जातं. मग धुऊन, दुधात शिजवून घ्यायचं. घेणाऱ्याला तूप आणि दूध भरपूर, तिखट आणि आंबट वर्ज्य, उन्हात जायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, आणि हे सगळं थंडीच्या दिवसांतच. पित्ताच्या माणसाला, लहान मुलाला, गरोदर बाईला द्यायचंच नाही. सुरुवात अगदी थोड्यानं करायची आणि अंगाला खाज सुटली की थांबायचं. एका वैद्यबाईंनी मला सांगितलं, की त्यांच्याकडे बिब्बा मागायला येणाऱ्या बहुतेकांना त्या तो देत नाहीत, कारण ही पथ्यं पाळायला आज कोणाला सवड नाही. पथ्य पाळायचं नसेल तर ते औषधच नव्हे, असं त्या म्हणाल्या.

काढ्याचे दिवस

२०२० मध्ये घराघरांत काढा उकळू लागला. तुळस, सुंठ, मिरे, दालचिनी, आणि वर गुळवेल. पूर्वी ताप आला की चार दिवस घेण्याची ही गोष्ट, ती निरोगी माणसं महिनोन्‌महिने रोज पिऊ लागली. त्या वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना सहा रुग्ण आढळले, ज्यांच्या यकृताला सूज होती आणि गुळवेल घेतल्याचा इतिहास होता. २०२१ मध्ये हे निरीक्षण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या, खोडावर गाठी असणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत झाली असावी. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांतून अशा त्रेचाळीस रुग्णांचा अहवाल आला. त्यातल्या बऱ्याच जणांत स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं यकृतावर हल्ला केल्याची लक्षणं होती. गुळवेल थांबवल्यावर बहुतेक जण सुधारले.

त्या वादात लोक दोन बाजूंना उभे राहिले आणि एकमेकांवर तुटून पडले. मला वाटतं, दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वेल चुकू शकते, याची खात्री मला कर्जतच्या रानात पटली. आणि वेल बरोबर असली, तरी प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध थायरॉइडचा किंवा संधिवाताचा स्वतःवरच उलटणारा आजार असलेल्या माणसाला बाधू शकतं. लाखोंनी घेतलं आणि थोड्यांना बाधलं, हेही खरं. पण ज्याला बाधलं त्याला आधी कोणी विचारलं नव्हतं, की तुला आधीचा काही आजार आहे का. वैद्याचं पहिलं काम तेच असतं आणि फोनवरून आलेल्या काढ्याच्या कृतीत तेवढंच नसतं.

काढ्यातली बाकीची मंडळीही तपासून घ्यावीत. बाजारातली जाड सालीची स्वस्त दालचिनी म्हणजे बहुधा कॅसिया. तिच्यात कुमारिन जास्त असतं आणि रोज भरपूर घेतल्यास काहींच्या यकृताला त्रास होतो. खोकल्यावरचं ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. मधुमेहाच्या गोळ्यांवर गुळवेल घेतली तर साखर जास्त उतरू शकते. अश्वगंधेचं मूळ औषधाला घ्यायचं असतं; पानांची भेसळ होऊ लागली, तेव्हा २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवावं लागलं.

आणि दुधी. दुधीचा रस प्यायल्यानं मृत्यू झाल्यावर आयसीएमआरनं तज्ज्ञ समिती नेमली होती. कारण सापडलं कुकुर्बिटासिन, म्हणजे कडूपणा. दुधी चिरला की एक तुकडा जिभेला लावून पाहायचा आणि कडू लागला तर टाकून द्यायचा, ही स्वयंपाकघरातली जुनी सवय. औषध कडूच असतं अशा समजुतीनं कडू रस पेलाभर पिणारा माणूस ती सवय विसरलेला असतो.

जिथे झाड पुरत नाही

कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर गावोगाव झाडपाल्याची औषधं होती, आणि पोरं दगावत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आधी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला रात्र रात्र रुग्णांशेजारी बसून निरीक्षणं केली, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी या दंशावर चालते हे दाखवून दिलं. मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

सापाचंही तेच. बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतो असं नाही. म्हणून मुळी चाटवल्यावर माणूस उठून बसतो आणि मुळीचं नाव होतं. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं यांचं विष अंगात भिनलं असेल, तर प्रतिसर्पविषाला पर्याय नाही. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते तयार होतं आणि सरकारी रुग्णालयांत मिळतं. कर्जतच्या बाबांना मी शेवटी हेच विचारलं. पान लागलं तर काय देता? ते म्हणाले, “रिक्षा बोलवतो.”

वाचकांना एक विनंती आहे. घरात कोणी काढा, चूर्ण, गुटी, भस्म घेत असेल, तर ते डॉक्टरांना, त्यांनी विचारलं नाही तरी, सांगा. वैद्यांकडे गेलात तर चालू असलेल्या गोळ्याही सांगा. मुळी विकत घ्यायची तर अख्खी घ्या आणि दुकानदाराला दाखवून ओळखून घ्या. शस्त्रक्रिया ठरली असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, पोटात बाळ असेल, तर विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका. लघवी गडद होऊन डोळे पिवळे दिसू लागले, तर सगळं त्याच दिवशी थांबवा आणि रुग्णालयात जाताना उरलेलं चूर्ण त्याच्या पुडीसकट बरोबर न्या. आत काय होतं हे त्या पुडीवरूनच कळतं.